दाराला उसाचं कांडं

कुलपाचं कौतुक आमाला सांगू नका राव! आमच्या पिंपरी पेंढारच्या नव्या बंगल्याला काचेचं सरकतं दार बसवलं आणि महिन्यात त्याचं लॉक मोडलं. वडील म्हणाले, "मिस्त्री कशाला?" त्यांनी खालच्या पट्टीत उसाचं कांडं आडवं टाकलं. दार जागचं हलंना. वडील लई खूश.

मग निमगावचा मामा मुक्कामी आला. सकाळी बघतो तर दार सताड उघडं आणि सोफ्यावर दोन शेळ्या! आई किंचाळत दागिन्यांच्या कपाटाकडं पळाली. मामा मात्र ओट्यावर निवांत बसलेला, पुढ्यात चिपाडांचा ढीग.

वडील ओरडले, "अरं, दाराचं कांडं कुठंय?"

"ते व्हय? मला वाटलं, पावण्यासाठी ठेवलंय," मामा म्हणाला. "पण दाजी, आज जरा कवळं ठेवा. दात लई दुखत्यात."