कोठ्याजवळची खोली

— हो, आता खालमानेनं चहा देऊन गेली ना, थेच अपेक्षा. माही सून. ऐकते त ऐकू द्या, उकंडराव, तिच्यापासून काय लपवाचं? म्या तिले तोंडावर सांगतलं — सोडचिठ्ठी झाली की तू आपलं पोट्टं घे अन् देऊळगाव राजाले बापाच्या घरी जाय, मी शिवमचं दुसरं लगन करते. तुमची पोरगी अठी राणीसारखी राहीन. काय म्हणता? पोट्ट्याले झालं काय? अहो, तिसरं वरीस सरत आलं, एक शबुद नाही. माय म्हणत नाही, पाणी म्हणत नाही, नुसता भिंतीकडे पाहत बसते. अन् तुमाले वाटते आमच्या शिवमच्या रक्तातच खोट असंन — म्हणून त जानेफळाहून आले ना तुम्ही, पोरगी देण्याआधी इचाराले? आमचा शिवम रांगता रांगता बोलत होता! सारी आळी त्याले मांडीवर घेऊन बोलवे. खोट हिची आहे. आडातच नाही त पोहऱ्यात कुठून येईन?

डॉक्टर? नेलं ना बुलढाण्याले. थे डॉक्टर पोरगी म्हणे, आजी, कान चांगले आहेत याचे, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलाचा मेंदू बोलण्या-खेळण्यानं वाढतो, याच्याशी कोणी बोललंच नाही का? म्या म्हटलं, बाई, मेंदू काय कपाशी आहे, पाणी देल्लं की वाढाले? अन् बोलाचं कसं? जलमला तवा असा गोरापान, अशे टपोरे डोये — सारं सुलतानपूर पाह्याले लोटलं. शिवमले लहानपणी सारखी दृष्ट लागे, म्या लई भोगलं. म्हणून याची पाचवी पुजली अन् लगेच आत टाकलं, ढोरायच्या कोठ्याजवळच्या खोलीत. खिडकीले पोतं ठोकलं. हिले बजावलं — पाजाचं, धुवाचं, बाहेर याचं. लाड नाही, गाणं नाही, हाक नाही. मायचीच दृष्ट पयले लागते! एकदा गुणगुणली त म्या तापलेलं उलथनं टेकवलं हातावर — डाग आहे अजून, कप घेतानी पाह्यला असंन तुम्ही. कडक राह्यली म्हणूनच त पोट्ट्याले कधी खोकला नाही का ताप नाही. नाव? नाव ठेवलं ना, ऋत्विक. पण त्या नावानं हाक कोण मारते? सटवाईनं कपाळावर लिहिलं, थे मी बोलून पुसणार होती का?

थे जाऊ द्या. माहा गोऱ्हा पाहा — थो, निंबाखाली. याची माय याले जलम देऊन मेली. सारे म्हणत, हा काही जगत नाही, जगला तरी मारका होईन. म्या मांडीवर डोकं घेऊन बाटलीनं दूध पाजलं, कोठ्यात बसून दिवसभर बोलत राह्यली त्याच्यासंग — जितराबाचं असंच असते, उकंडराव, लहानपणी माया लावली तसं थे होते, रक्ताबिक्ताचं काही नाही. आता हाक मारली की पळत येते अन् सरकीच्या ढेपीसाठी हातात तोंड घालते. पाहा हं — सोन्याऽ! ये रे माह्या राजा! सोन्याऽ!

— तू काऊन आला बे? तुले नाही बलावलं, गोऱ्ह्याले बलावलं. आत जाय. हात काऊन पुढं करून राह्यला? ढेप का तुह्यासाठी आहे? अवं अपेक्षा, उचल याले! — काही नाही, उकंडराव, मी कोठ्यात रोज हाक मारते ना, थे भिंतीतून ऐकत असंन. दुसरं आहे काय त्याले ऐकाले... बसा. चहा त घ्या. अहो, उठले काऊन? माह्याकडे असं काऊन पाहून राह्यले?

जा मंग, जा. पोरी काय जानेफळातच पिकतात? — अन् तू, हात खाली कर आधी.