मामाचा पांढरा शर्ट

...अन् पोटात गोष्टी ठेवाच्या तर ठेवाच्या किती, मी म्हणतो! तुमाले सांगतो, भाचीचं लग्न, नागपूरले सदरचा हॉल, मी उमरेडहून सकाळच्या यष्टीनं आलो, कोरा पांढरा शर्ट घालून, दारात पाय ठेवतो न ठेवतो तर माही बहीण सरितानं जिन्याखाली ओढलं. "दादा, रोशनीले काल हळद लावली. बापूजीले माहीत नाही. कोणाले सांगू नको!"

अवं, मंग मले काहून सांगून राहिली?

बापूजी म्हणजे सरिताचे सासरे. छप्पनच्या, बाबासाहेबांच्या दीक्षेले बापाच्या खांद्यावर बसून गेलेले. त्यांचा कायदा एकच... त्रिशरण, पंचशील, हार, झालं लगन! "हळद दिसली तर मी हॉलमधून उठून जाईन," हे त्यांनी पत्रिका छापाच्या आधीच बजावलेलं. अन् रोशनीचा तर आज्यावर जीव! आजोबा उठून गेले तर पोरगी हार घालणार आहे का? नाव नका घेऊ! पण मैत्रिणींनी "एवढीशी, एवढीशी" म्हणत पार पिवळी करून टाकली. त्यात साडी पांढरी!

मी रुमाल ओला केला, तिची मान घासली. तेवढ्यात नवरदेव, संघपाल, तोंडाले ही एवढी पावडर फासून! "मामाजी, गावी, कुहीले, आईनं मलेही हळद लावली ना. कोणाले सांगू नका!" घ्या! तोच रुमाल, तेच घासणं. अन् रुमाल ठेवला कुठं? शर्टाच्या खिशात. ओला!

"काय गा प्रेमानंद, हे पिवळं काय?" भर हॉलात बापूजी! भंतेजी माइकवर थांबले, सरिताचा चेहरा उतरला, रोशनी तर रडाच्या बेतात. मी म्हटलं, "पोहे... पोहे सांडले, बापूजी."

"या वयात पोहे खाता येत नाही तुले?" सारा हॉल हसला!

मंग बापूजी हळूच कानाशी आले. "रोशनीच्या कानामागं बी पोहे सांडले दिसते. पुसून दे. अन् मले समजलं हे कोणाले सांगू नको... घरात धाक राहत नाही मंग."

लगन झालं. रोशनी आज्याच्या गळ्यात पडून रडली, बापूजीही रडले. लय बरं वाटलं, खोटं काहून बोलू? पण पंगतीत बसलो तर वाढपी, वरण वाढाच्या आधी, माह्या मांडीवर टॉवेल अंथरून राहिला!

अंथरू दिला. सांगतो कोणाले?