सहा नंबरला विचारलं का?

माणूस कॉटवर आडवा झाला की त्याला तोंड नसतं, असंच धरून चालता ना तुम्ही सगळे? खोटं बोलू नका. वॉर्डात येता, पिशवीतून शहाळं काढता आणि मला विचारता, सिस्टर, यांना आज कसं वाटतंय? अहो, ते समोरच पडलेत! जागे आहेत! त्यांना विचारलं का? नाही. आणि तुम्हाला सांगते, बडोद्यात, गोत्रीच्या बाजूला एका हॉस्पिटलात मी चार वर्षं नर्स आहे, बीएस्सी नर्सिंग, नोंदणीसकट... मीही विचारत नव्हते. म्हणून तर नापास झाले.

मला बाहेरच्या देशात नर्स व्हायचंय. कुठल्या ते सांगत नाही, आईने शपथ घातलीय, लायसन्स हातात येईपर्यंत देशाचं नाव काढायचं नाही, दृष्ट लागते. तर त्या देशाला माझी डिग्री चालते, नोंदणी चालते, वर फक्त दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे नर्सांसाठीची वेगळी इंग्रजी परीक्षा, आणि दुसरं म्हणजे जिथे काम करते तिथल्या मेट्रनने माझ्या कामाबद्दल भरलेला फॉर्म, तोही त्यांनीच परस्पर पाठवायचा, माझ्या हातात द्यायचाच नाही. इंग्रजीची मला काय भीती? बडोद्याची मुलगी मी, घरात मराठी, दारात गुजराती, वॉर्डात हिंदी आणि केसपेपरवर इंग्रजी, एका श्वासात चारही बोलते. गेले परीक्षेला. समोर एक बाई पेशंट होऊन बसलेली, म्हणजे नाटकच ते, पाच मिनिटांचं. ती म्हणाली, मला घरी जायची भीती वाटतेय. मी फाडफाड इंग्रजीत सुरू, घाबरू नका, काही होत नाही, तुमच्याबरोबर कोण आहे, मुलाला बोलवा, मी त्याला सगळं समजावते. ती म्हणाली, मी एकटीच राहते. मी म्हटलं, मग शेजाऱ्यांना बोलवा!

वाचन पास, लेखन पास, ऐकणं पास. बोलणं नापास. मी! बोलण्यात! जन्मात पहिल्यांदा कुणी मला बोलता येत नाही म्हणालं. तणतणत कोचिंगच्या अवंती मॅडमकडे गेले, सगळं नाटक दोन्ही आवाजांत करून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, “तिला भीती कसली वाटतेय, ते विचारलं का?”

विचारलं का! त्या रात्री मी... नाही, रडले वगैरे नाही, मी चिडले. स्वतःवर. चार वर्षांत माझ्या हाताखालून किती माणसं गेली असतील, आणि माझ्या डोक्यात काय आहे? दोन नंबरचं सलाइन, चार नंबरची शुगर, नऊ नंबरचे टाके. मग ठरवलं, आता विचारायचं. ज्याला त्याला विचारायचं. पहिला पेशंट बाबा. नंदेसरीच्या कारखान्यातून दमून आले की मी त्यांना सोफ्यावर आडवं करायची आणि म्हणायची, मी तुमचं बीपी बघू का, तुमची परवानगी आहे का? बाबा तोंड उघडणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई, “बघ गं बघ, त्यांना काय विचारायचं!” दोन महिने हे चाललं. दोन महिन्यांत बाबांना एकदाही उत्तर देता आलं नाही. पण मी पास झाले, चांगली पास झाले. तिकडच्या हॉस्पिटलने नोकरी देऊ केली, अट एकच, महिनाअखेरपर्यंत फॉर्म इथून रवाना झाला पाहिजे. फॉर्म आमच्या मेट्रन निरुपमाबेनच्या टेबलावर. कोरा.

आणि नेमके त्याच आठवड्यात सहा नंबरला हंबीरराव आले.

बडोद्याच्या जुन्या वाडी भागातले, वय अठ्ठ्याहत्तर, पांढऱ्या मिशा आणि टोकं वर. हर्नियाचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी सकाळी, यादीत पहिले. कॉटभोवती मुलगा प्रतापसिंह, सून, दोन जावई, आणि एक गृहस्थ जे कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी हंबीररावांकडे बघून विचारलं, जेवण झालं का, तर उत्तर पाच बाजूंनी आलं. काढले सगळ्यांना बाहेर! त्या अनोळखी गृहस्थांनाही. मग स्टूल ओढलं, बसले, आणि अगदी परीक्षेतल्यासारखं म्हटलं, मी शिवांगी, तुमची नर्स, तुम्हाला काय हाक मारू?

त्यांनी मला नीट निरखलं. म्हणाले, “राव म्हण. घरात नुसतं बापू-बापू असतं.”

“राव, उद्या सकाळी काय होणार आहे, सांगितलंय ना तुम्हाला?”

“सांगितलंय की. उद्या घरी सोडणार.”

ऐकलंत? संमतीच्या कागदावर सही होती, प्रतापसिंहाची, चांगली ठसठशीत. आणि पोट ज्यांचं, त्यांना विचारलं का? तुम्ही म्हणाल, शिवांगी, इथे गप्प बसायचं होतं, तुझा फॉर्म अडकलाय. बसले असते, दोन महिन्यांपूर्वी. मी सांगितलं. चित्र काढून सांगितलं! रावांनी चष्मा लावला, चित्र पाहिलं, चष्मा काढला, कॉटखालून चपला ओढल्या आणि चालायला लागले. हॉस्पिटलच्या अंगरख्यात, मागच्या नाड्या लोंबताहेत, आणि राव फाटकाबाहेर चहावाल्याच्या बाकावर.

मग काय विचारता! प्रतापसिंह माझ्यावर, आमच्यात वडीलधाऱ्यांना असलं सांगत नाहीत, घाबरतात. सून माझ्यावर. जावई एकमेकांवर. सर्जनचा फोन, पहिला पेशंट ठेवू की काढू? आणि मला निरुपमाबेनचं बोलावणं. तीस वर्षं हॉस्पिटल चालवलंय बाईंनी, आवाज कधी चढत नाही, तेच वाईट.

“शिवांगी, तू नर्स छे के वकील?”

माझा फॉर्म त्यांच्यासमोर उघडा होता आणि त्यावर पेन आडवं. सात वाजेपर्यंत सहा नंबर कॉटवर हवा, म्हणाल्या, नाहीतर मी या फॉर्मवर काय लिहायचं, ते तूच सांग. घड्याळात संध्याकाळचे सहा वाजून पाच मिनिटं.

बाकावर रावांशेजारी जाऊन बसले. जिभेवर आलं होतं हो, खोटं कशाला सांगू, राव, चला, माझं लायसन्स अडलंय. गिळलं. विचारलं, भीती वाटतेय का?

“भीती कसली. विचार करतोय. पोट माझं, सही प्रतापची.”

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. किती दुखेल? वाडीतल्या घराचा जिना किती दिवसांनी चढता येईल? नाही केलं तर काय होईल? मी एकेक सांगत गेले, जेवढं मला माहीत तेवढं, बाकीचं डॉक्टरांकडून वदवून घेऊ म्हटलं. सहा वाजून पस्तीस. राव बशीत चहा ओतत म्हणाले, “आणि मी नाही म्हटलं, तर?”

आता सांगा, काय करायचं? महिनाअखेर चार दिवसांवर! पण तत्त्व म्हणजे तत्त्व, ते काय फक्त परीक्षेपुरतं असतं का? म्हटलं, “नाही तर नाही. कुणी तुम्हाला हात लावणार नाही.” आणि मनात म्हटलं, गेलं लायसन्स.

रावांनी बशी संपवली. मिशा पुसल्या. “मग करूया. पण कागद नवा आण, सही मी करणार.”

आलो. राव पुढे, ताठ, आणि मी मागून दोन्ही हातांनी अंगरखा धरून, सगळ्या वाडीची अब्रू माझ्या मुठीत! सर्जन आले, रावांनी त्यांना उभं करून पुन्हा तेच सगळं विचारलं, नव्या कागदावर सही केली, आणि सात वाजता सहा नंबर कॉटवर होता. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी राव घरी. प्रतापसिंहाने पेढे दिले, माझ्याकडे न बघता, पण दिले.

त्याच दुपारी निरुपमाबेनने बोलावलं. मी रुग्णांच्या हक्कांवर चांगलं दहा मिनिटांचं भाषण तयार करून गेले होते, त्यांनी बोटानेच बस म्हटलं. माझ्यासमोर फॉर्म भरला. प्रश्न होता, ही नर्स रुग्णाची संमती घेऊन काम करते का? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं, हो. शेवटचा प्रश्न, हिला तुम्ही पुन्हा कामावर घ्याल का? तिथे पेन क्षणभरही थांबलं नाही. हो. मग टोपण लावलं, फॉर्म पाकिटात घातला आणि आमच्या क्लार्ककडे, हेरंबकडे, शिक्क्याला पाठवला. मी त्याच्या मागे-मागे, नाचतच! म्हटलं, बघितलंस हेरंब, एवढं सगळं रामायण करूनही बाई मला परत घ्यायला तयार आहेत, याला म्हणतात तत्त्वाने वागणं!

हेरंबने पाकिटावर शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली, आणि वर न बघता म्हणाला, “त्या सगळ्यांनाच हो लिहितात, सिस्टर. दोन वर्षांत एकोणीस जणी गेल्या. परत कुणी आलेलं नाही.”