झाडलोटीचा आठवडा

हाउके: पण साबण लावायला सांगितलं कुणी तुम्हाला?

वाल्ट्राउड: सांगायला कशाला पाहिजे? दारोदार फिरणारी पाळीची पाटी आता माझ्या दारावर लटकतेय ना. या आठवड्यात झाडलोट माझी. जिना, फुटपाथ आणि पुढची भिंत, हात पोचेल तिथपर्यंत.

हाउके: ती भिंत नाही, बाई. भिंतीवर ताणलेलं कापड आहे. मीच बसवलंय, सहा महिन्यांपूर्वी.

वाल्ट्राउड: बसवलंस आणि गेलास. खालची पट्टी तर कोळशाच्या पोत्यासारखी काळी. अख्ख्या श्टुटगार्टनं बघावी म्हणून?

हाउके: काळी व्हायलाच लावली होती. गाड्यांची धूळ कापडानं धरायची, धूर त्यावरच्या लेपानं उन्हात विरवायचा. किती धूळ धरली ते आज त्याच पट्टीवर मोजायचं होतं. शुक्रवारी नगरपालिकेत बैठक आहे. आकडा दिला नाही, तर सगळं कापड उतरवायला लावतील.

वाल्ट्राउड: मग तसं सांगायचं होतंस.

हाउके: पत्र टाकलं होतं प्रत्येकाच्या पेटीत.

वाल्ट्राउड: सात पानी. चौथ्या पानावर माझे डोळे मिटले.

हाउके: धुऊ नका, हे पाचव्या पानावर होतं.

वाल्ट्राउड: मुद्द्याचं मागं दडवायची तुमच्या उत्तरेकडे रीत असेल.

हाउके: आमच्या उत्तरेकडे कुणी साबण लावून भिंती घासत नाही.

वाल्ट्राउड: दिसतंय ते.

(खिडकीतून वाल्ट्राउडचा नवरा ऑयगेन डोकं बाहेर काढतो, खोकतो.)

ऑयगेन: उतरवणार म्हणतोय का गं हा?

वाल्ट्राउड: तू पड जा जरा.

ऑयगेन: अकरा वर्षांनी खिडकी उघडून झोपतोय मी. जुलैत पंखासुद्धा लावला नाही. सांग की त्याला.

हाउके: मला पटलेलंच आहे, आजोबा. त्यांना आकडा लागतो.

वाल्ट्राउड: ...कपडे मऊ करायचं औषधही घातलं मी. शेवटच्या पाण्यात.

हाउके: म्हणजे लेपही गेला.

वाल्ट्राउड: चाळीस वर्षांत माझ्या आठवड्याला कुणी नावं ठेवली नाहीत. आणि माती खाल्ली ती इथं.

हाउके: नवी पट्टी आहे माझ्याकडे. पण पुन्हा सहा महिने लागतील. मुदत मागायची तर कारण द्यावं लागेल. वादळाचं देतो.

वाल्ट्राउड: खोटं कशाला? वाल्ट्राउड श्नायटमाननं साबण लावून धुतली, असं लिही. नाव नीट लिही.

हाउके: आणि सोमवारी पाटी कुणाकडे जाणार?

वाल्ट्राउड: वरच्या बुर्कहार्टकडे. त्याच्याकडे फवाऱ्याचं यंत्र आहे. आपली गाडी धुतो त्यानं.

हाउके: मग मेलोच.

वाल्ट्राउड: पाटी मी देतच नाही. सहा महिने राहू दे माझ्याच दारावर.

हाउके: भिंत काळी पडत जाईल, बाई. येणारा-जाणारा म्हणेल, आठवडा हिचा, आणि हे बघा.

वाल्ट्राउड: म्हणू दे... ऑयगेन, खिडकी लावू नकोस.