दुबईतले दोन तास

शालन गेल्याचं मला चाकणला कंपनीत, सकाळच्या शिफ्टला कळलं. आम्ही दोघं नवरा-बायको मुलाकडे कॅनडाला जाणार होतो. दीड महिन्याने तिचं तिकीट रद्द करायला मी आकुर्डीत एजंटकडे गेलो. माझ्या पुढे खेडकडचं एक जोडपं बसलं होतं, एजंट त्यांना सांगत होता.

"काका, ही दोन वेगळी तिकिटं आहेत. दुबईला बॅगा घेऊन बाहेर यायचं, पुन्हा रांगेत उभं राहून द्यायच्या. मध्ये दोनच तास आहेत. पहिलं विमान लेट झालं तर जर्मनीचं थांबणार नाही."

"मोबाइलवर मीच काढली. एसटी बदलतो तसं बदलू म्हणलं."

"व्हय, ह्यांची एसटी. तिकडं हर्षालीचं बाळंतपण थांबतंय का ह्यांच्यासाठी?"

"अगं, उशीर झालाच तर तू पुढं पळ. डिंकाच्या लाडवांची बॅग घेऊन मी मागनं येतो."

"मी एकटी न्हाई जायची."

"लेक म्हत्त्वाची का मी?"

"लेक. पण विमानात शेजारी तुमी पाहिजे. चुकलं तर दोघांचं चुकू द्या."

"काकू, पहिलं तिकीट एक दिवस आधीचं करू. दुबईचा व्हिसा काढतो, तिथं मुक्काम करा."

"दोघांचा काढा."

"दोघांचाच काढतो."

ते गेल्यावर एजंटने मला विचारलं, "काका, तुमचं काय होतं?"

"आमच्या दोन जागा शेजारीशेजारी आहेत ना, तेवढं बघा."

"हो, शेजारीच आहेत."

मी घरी आलो. शालनचं तिकीट रद्द करायचं राहिलं आहे.