तुतीच्या झाडाबद्दल संयुक्त केंद्राचं मत

...नाही, तुम्ही हसताय, पण मला सांगा, नवरा-बायकोच्या भांडणात कुणी आपणहून पडतं का हो? मी पडले! रीतसर अर्ज करून, मुलाखत देऊन, सही-शिक्क्यानिशी पडले! वर आईने शेजारी पेढेबिढे वाटण्याच्या सुरात सांगितलं, 'आमचीला विद्यापीठात चांगलं काम लागलं!' चांगलं! आता काय बोलू?

थांबा, नीट सांगते. आमच्या विद्यापीठात दोन केंद्रं होती. एक सार्वजनिक धोरणाचं संशोधन करणारं, त्याचे संचालक सर. दुसरं पर्यावरणाचा अभ्यास करणारं, त्याच्या संचालक मॅडम. आणि सर आणि मॅडम हे एकमेकांचे नवरा-बायको. आता यात वाईट काही नाही, लोक करतात लग्न. एक केंद्र या टोकाच्या इमारतीत, दुसरं त्या टोकाच्या, मधे अख्खं मैदान... संसार कसा अगदी सुखाचा चालला होता! पण कुलसचिवांना बघवेना. म्हणाले, 'हवा, पाणी, झाडं यांचं धोरणच ठरवायचं ना? मग वेगळी चूल कशाला? करा एकत्र!' झालं. सार्वजनिक धोरण व पर्यावरण संयुक्त अभ्यास केंद्र! पाटी इतकी लांब झाली की दारावर मावेना, 'अभ्यास केंद्र' एवढं खिडकीवर गेलं. येणाऱ्याला दारात नुसतं 'संयुक्त' दिसायचं.

जागा कुठली? तळमजल्यावरचा एक लांबलचक हॉल. या टोकाला सरांचं टेबल, त्या टोकाला मॅडमचं, आणि मधे कोण? मी! संयुक्त संशोधन अधिकारी! मला वाटलं, दोन विषयांवर संशोधन करायचं म्हणून संयुक्त. छे हो! दोन माणसांना जोडायचं म्हणून संयुक्त!

कारण केंद्र झालं एक, तर संचालकही एकच राहणार ना? कोण, ते कुलसचिव 'योग्य वेळी' ठरवणार होते. हे कळलं त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. सकाळी एकाच गाडीतून यायचे, दोन बाजूंनी दोन दारं धाड-धाड लावायची, आणि एक पुढच्या वाटेने, दुसरं मागच्या वाटेने हॉलमध्ये. आणि मग सर, खर्जातल्या आवाजात, 'मॅडमना सांगा, खिडकी बंद झाली तर बरं होईल. कागद उडतात.' अहो, मॅडम समोर बसल्यात! दिसतायत! मी काय सांगू? तरी मी मान वळवायची. की मॅडम, 'अगं, सरांना सांग, हवा ही सार्वजनिक आहे. त्यांच्याच विषयातली आहे. येऊ दे म्हणावं.' मी मान इकडे. 'सरांना सांग, घरून निघताना डबा विसरलेत.' मान इकडे. 'मॅडमना सांगा, विसरलो नाही, ठेवला.' मान तिकडे! संध्याकाळी घरी गेले की आई मानेला तेल चोळायची आणि विचारायची, 'तुमचं ते केंद्र नक्की करतं काय गं?' आई, ते जर मला माहीत असतं तर मी तिथे संशोधन केलं असतं का?

बरं, हे इथवर खपलं असतं. पण मधे उगवलं ते झाड!

म्हणजे उगवलं आधीच होतं, खूप जुनं. आमच्या हॉलसमोर अंगणात तुतीचं मोठं झाड आहे. ऐन हंगामात असं लगडतं की खाली पाय ठेवायला जागा नाही. वसतिगृहातल्या मुली ओंजळीने खातात, पाखरं खातात, आणि खाल्लेलं पाखरं कुठे ठेवतात? प्राध्यापकांच्या गाड्यांवर! सगळ्या गाड्या जांभळ्या ठिपक्यांच्या! अर्थशास्त्राचे विभागप्रमुख तर रोज सकाळी गाडी पुसताना असे काही शब्द वापरायचे की अर्थ लागायचा, शास्त्र राहायचं नाही. त्यांनी मागणी केली, झाड तोडा, अंगण फरसबंद करा, नीट पार्किंग करा. कुलसचिव म्हणाले, 'वा! आपल्याकडे एवढं मोठं संयुक्त केंद्र आहे! त्यांचं मत घ्या!'

मत! एक मत! आमच्याकडून!

मॅडमनी मला हाक मारली. 'लिही. झाडाचं पान तोडलं तरी याद राखा.' मी म्हटलं, 'मॅडम, एवढंच?' 'एवढंच. जास्त कशाला लिहायचं?' तिकडून सर, 'मॅडमना सांगा, धोरण असं दमदाटीने ठरत नाही. आधी सगळ्या घटकांचं म्हणणं ऐकावं लागतं.' 'सरांना विचार, झाड घटक आहे का?' 'मॅडमना सांगा, झाडाचं म्हणणं ऐकण्याची पद्धत अजून विकसित झालेली नाही.' 'सरांना सांग, बायकोचं म्हणणं ऐकण्याचीही झालेली नाही!' आता हे सांगू का नको? मधे कोण? मी!

सरांनी जाहीर सुनावणी घेतली. आता सरांचा स्वभाव सांगते. सर देवमाणूस, पण एकदा बोलायला लागले की समोरच्याचं वय वाढतं. 'या प्रश्नाला अनेक पैलू आहेत' असं म्हणाले की ओळखायचं, आता जेवण गेलं. एक पैलू उलगडणार, त्याला तीन फाटे, प्रत्येक फाट्याला पार्श्वभूमी... मॅडमचं म्हणणं, यांच्याशी लग्न ठरवायला गेले तेव्हाही हे 'हो' म्हणाले नाहीत, 'तत्त्वतः' म्हणाले. तर सुनावणीला अर्थशास्त्रवाले आले, डाग पडलेलं जॅकेट पुरावा म्हणून घेऊन. ग्रंथपाल आल्या, म्हणाल्या, पाखरांच्या किलबिलाटाने वाचक झोपेतून जागे होतात. मुली आल्या, त्या काही बोलल्याच नाहीत, जिभा दाखवल्या. जांभळ्या! आणि सर सगळ्यांना म्हणाले, 'आपलं म्हणणं अत्यंत महत्त्वाचं आहे.' सगळ्यांना! निष्कर्ष? 'आणखी एका सुनावणीची गरज आहे.'

मॅडमचा संयम सुटला. कधी नव्हे ते थेट सरांकडे वळल्या... मी खुर्चीसकट मागे सरकले, म्हटलं चला, सुटले एकदाची! मॅडम म्हणाल्या, 'आयुष्यात एकदा, एकदा तरी तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते सांगाल का हो?' तो झाडाबद्दलचा आवाज नव्हता, तुम्हाला सांगते. एवढं मलाही कळलं. सर चष्मा पुसत राहिले. पुसला, घातला, परत काढून पुसला. बोलायचं तेव्हा नेमकं नाही! त्या दिवशी मॅडम गाडीतून गेल्या नाहीत, चालत गेल्या. सर गाडीत बसून राहिले, गाडी सुरू न करता. मी खिडकीतून बघत होते. मला वाईट वाटलं हो. कुणाचं, ते मात्र ठरवता येईना. संयुक्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर काय! कुलसचिवांना धीर धरवेना, त्यांनी आमच्या मताची वाट न बघता माणूसच बोलावला! अंगणात ट्रक, दोर, मोठी यांत्रिक करवत, ती घर्र घर्र सुरू करून बघतायत, आणि झाडाखाली, खोडाला पाठ लावून, पर्स पोटाशी धरून... मॅडम! एकट्या! करवतवाला म्हणतोय, 'बाई, सरका ना, पुढे दुसरं काम आहे.' मॅडम म्हणतायत, 'मग पुढच्या कामाला जा.' मी धावत हॉलमध्ये. 'सर! झाड! मॅडम! करवत!' एवढंच तोंडातून आलं, क्रमही नीट नाही. सर उठले. आणि सरांना पळताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. टाय खांद्यावर, एक चप्पल टेबलाखाली!

मला वाटलं, आता सर करवत हिसकावणार! नाही. सर मॅडमच्या शेजारी जाऊन उभे राहिले, अगदी खेटून, धापा टाकत, आणि करवतवाल्याला म्हणाले,

'या प्रश्नाला अनेक पैलू आहेत.'

मी डोळे मिटले. मॅडमनीही मिटले. आणि सर सुरू झाले! निर्णयप्रक्रिया म्हणजे काय इथपासून! सावली कुणाच्या मालकीची, पाखरांचा हक्क, गाडी हवी की चालणं, पहिली सुनावणी, तिची पार्श्वभूमी... करवतवाल्याने आधी करवत बंद केली, कारण ऐकू येईना. मग खाली ठेवली. मग स्वतः बसला. मग म्हणाला, 'साहेब, मला पटलं.' सर म्हणाले, 'थांबा, दुसरी बाजूही ऐका!' तो उठला तर सर त्याच्यामागे ट्रकपर्यंत बोलत गेले. तो ट्रकमध्ये चढला, सर खिडकीपाशी. अहो, शेवटी त्याने काच वर केली आणि निघूनच गेला! कुलसचिवांना फोनवर म्हणाला म्हणे, 'दुसरा माणूस बघा. झाड तोडायला माझी हरकत नव्हती, पण तिथे ते बोलतात.' दुसरा माणूस कुणी आलाच नाही. बातमी पसरली होती.

आणि मॅडम! मॅडम सरांकडे बघत होत्या... काय सांगू कशा. म्हणाल्या, 'चप्पल कुठाय तुमची?' सर म्हणाले, 'त्याला एक पार्श्वभूमी आहे.' आणि दोघं हसायला लागले. लहान मुलांसारखे! पायाखाली तुतीचा चिखल, आणि हसतायत!

गोड झालं ना सगळं? मलाही तसंच वाटलं! मी मानेला सांगितलं, बाई, आता सरळ राहा. तर कुलसचिवांनी संचालक ठरवायला बोलावलं. सर म्हणाले, 'मॅडमच योग्य.' मॅडम म्हणाल्या, 'छे, सरच.' 'तुम्ही!' 'नाही, तुम्ही!' कुलसचिव कंटाळले. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मधे कोण? मी! प्रभारी संचालक!

आणि पहिलंच काम काय दिलं? झाड राहिलं, मग गाड्या कुठे लावायच्या ते सांगा. मी सर-मॅडमना म्हटलं, द्या मत. मला वाटलं, चला, दोन-चार महिने निवांत. कसलं काय! दोघांनी खुर्च्या शेजारी ओढल्या, एका डब्यात जेवले, आणि दुपारी मत हजर! एकच पान! खाली दोघांच्या सह्या! की झाडाला धक्का न लावता, कमीत कमी हानी होईल अशी पार्किंगला योग्य जागा एकच... आमचा हॉल!

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण दोघं माझ्याकडे अशा आशेने बघत होते... संयुक्त केंद्राचं पहिलंवहिलं एकमत हो ते! मोडवेना! केली सही.

आता माझ्या टेबलाच्या जागी अर्थशास्त्रवाल्यांची गाडी असते, सावलीत, लखलखीत. केंद्र भरतं झाडाखाली. आणि हा माझा शर्ट... कुणीतरी आत येताना म्हणालं ना, जांभळा रंग छान दिसतो तुम्हाला म्हणून?

पांढरा आहे हो तो.