दाजींच्या छातीतली डबी

नाही, पण तुम्हीच सांगा, डॉक्टरांनी माणसाच्या छातीत, कातडीखाली बसवलेली डबी ही काय हातानं फिरवून बघायची वस्तू आहे? पण आमचे दाजी! ताईचे यजमान हो. जन्म गेला विजेच्या मोटारी दुरुस्त करण्यात... जळकी मोटार आणून द्या, तांब्याची तार नव्यानं गुंडाळून चालू करून देणार. आणि नेमका अशा माणसाचा हात थरथरायला लागला. तार धरली की तार नाचायची, कप धरला की बशीत तळं. दुकान बंद करायची पाळी आली, तेव्हा डॉक्टरांनी, तुम्हाला सांगतो, मेंदूत बारीक तारा घातल्या, त्यांची वायर कानामागून, मानेतून, कातडीखालून खाली आणली आणि छातीत काडेपेटीएवढ्या बॅटरीच्या डबीला जोडली. करंट सुरू झाला आणि हात गप्प! ताई रडली. दाजी डॉक्टरांना विचारतात, "व्होल्ट किती?" तिथंच मला शंका यायला हवी होती.

बरेच महिने मजेत गेले. दुकान उघडलं, गिऱ्हाईक परत आलं. आणि एका दुपारी दाजींच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर पडला. त्यांनी तो उचललासुद्धा नाही हो, नुसते बघत बसले. ताई म्हणते, "बॅटरी संपली असेल." मी म्हणतो, दाजी, काही केलंत का? तर म्हणतात, "मी कुठे काय केलं?"

नेलं दवाखान्यात. गाडी कोण चालवणार? मीच. डॉक्टरांनी छातीवर कसलंसं यंत्र धरलं. "बॅटरी ठणठणीत आहे, करंट पुढे जात नाहीये. पडला होतात? मार लागला?" दाजी छताकडे बघत, "मी कुठे काय केलं?"

मग एक्स-रे काढला. आणि काय सांगू तुम्हाला... डबीपासून वायरला पीळ, पिळावर पीळ, सुंभ वळावा तसा, थेट मानेपर्यंत, आणि मानेत ती चक्क तुटलेली! डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे आपोआप होत नाही." आणि आमचे दाजी पुढे वाकून, अगदी मन लावून बघत, "वाइंडिंग मात्र एकसारखं झालंय."

"म्हणजे तुम्ही डबी फिरवत होता?"

"मी कुठे काय केलं? रोज सकाळी थोडीशी... मोटार एका जागी पडून राहिली की जाम होते, डॉक्टर. शाफ्ट हातानं फिरवून ठेवावा लागतो."

"अहो, पण आत फिरणारं काही नाहीच!"

"मग ती चालू आहे हे मला कळायचं कसं?" दाजींचा आवाज एकदम बारीक झाला. "आवाज नाही, गरम होत नाही. मोटारीवर हात ठेवला की कळतं. हिच्यावर ठेवतो, तर काहीच नाही. बंद पडली तर मला परत तार धरता येणार नाही. भीती वाटते हो."

डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला. मग म्हणाले, "काका, तुमचा हात हलत नसला, म्हणजे ती चालू आहे. छातीकडे नाही, हाताकडे बघायचं."

परत ऑपरेशन झालं. नवी वायर घातली, डबी आत टाके घालून घट्ट बसवली. टाका कुठला घातला, गाठ कशी मारली, सगळं दाजींनी विचारून घेतलं. आणि देवाच्या दयेनं हात थांबला. दाजी डबीला बोटसुद्धा लावत नाहीत.

आता बघण्याचं काम घरच्यांनी घेतलंय. ताई सकाळी काठोकाठ भरलेला चहा हातात देते आणि कपाकडे बघत उभी राहते. मग सून देते. मग शेजारीण. काल मीसुद्धा दिला, खोटं कशाला बोलू? एक थेंब सांडत नाही हो! फक्त इतका चहा पिऊन दाजींची झोप उडालीय, आणि आता ती कुठल्या डॉक्टरला दाखवायची, ते बघतोय.